ओहोटीची वेळ

पहिल्या टेबलावर म्हणाले, एक-चौदाचा उतारा आणा.
आणला. त्यात पिकाच्या रकान्यात होतं: भात.
दुसऱ्या टेबलावरच्याने उपग्रहाचं चित्र उघडलं,
माझ्या खाजनावर बोट टेकवून म्हणाला,
इथं तर झाडी दिसते, काका.
तिसऱ्या इमारतीत, वनखात्यात,
त्याच झाडीचं नाव त्यांनी आदराने घेतलं:
खारफुटी. संरक्षित. फांदीलाही हात लावायचा नाही.

तर अशी माझी जमीन.
कागदावर भात, आकाशातून रान,
आणि भरतीला नुसतं पाणी.

बत्तीस वर्षं मी फेरीबोट चालवली,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
पण बांधाचे पैसे मृदसंधारणात,
बियाण्याचे कृषी कार्डावर,
आणि कुळांच्या संघटनेचा ठराव लागतो दोन्हींना,
एवढा धक्का सापडायलाच वर्ष गेलं.

योजना नाहीत असं नाही.
भिंतीवर मोठा फलक आहे:
नारळ, काजू, पॉवर टिलर, सौर कुंपण.
मी तो उभ्याने पुन्हापुन्हा वाचला,
पंगतीला उशिरा पोचलेला माणूस
ताटांकडे बघतो तसा.

संगणकातल्या यादीत कोरगुट नव्हतं.
ज्योती होती, जया होती,
खाऱ्या पाण्यात मान वर ठेवणारं एकच भात
आणि त्याचंच नाव नाही.
टायपिस्टने शेवटी 'इतर' निवडलं.
म्हणजे आमच्या सात पिढ्या
'इतर'ची पेज जेवून मोठ्या झाल्या.

मग आली रेश्मिता गावस, कृषी साहाय्यक, मूळची सत्तरीची.
डोंगराचं पाणी तिला ठाऊक, नदीचं नाही.
भगदाड मोजायचंय, म्हणाली, मंगळवारी अकराला येते.
आली. टेप हातात. समोर तुडुंब.
तिने लिहिलं: जागा पाण्याखाली, मोजमाप शक्य नाही.
बांधावर बसलेला कायतान, मानशीची फळी उघडणारा,
विडी न काढताच बोलला,
"उदक कागद वाचना, बाय."

मी तिला हिशेब सांगितला.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
अष्टमीला ओहोटी दुपारी, तुमच्या वेळेत बसते,
पण ती भांगाची, अर्ध्यावर थकणारी.
भगदाडाचा तळ उघडा पडतो उधाणाला,
अवसेला, पुनवेला,
आणि तेव्हा पाणी सरतं सकाळी सहाला
किंवा संध्याकाळी सहाला.
तुमचं कार्यालय पावणेसहाला बंद.
ती काही बोलली नाही.
पेनाने तळहातावर लिहून घेतलं: अवस.

अवसेला सव्वापाचच्या फेरीतून तिची स्कूटर उतरली.
चपला हातात, सलवार पोटरीपर्यंत दुमडलेली.
टेपचं एक टोक कायतानकडे, एक तिच्याकडे.
अकरा मीटर चाळीस.
खोली बांबूने: माझ्या छातीएवढी.
चिखलात खेकडे आपापल्या दारात उभे राहून
हा पंचनामा बघत होते.

बांधाबाहेरची झाडं राहू द्या, मी म्हटलं, लाटेचा पहिला मार ती खातात.
आतली?
आतली गेल्या तीन वर्षांतली, बोटाएवढी.
ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.
त्यांचं मला विचारावं लागेल, म्हणाली,
आणि ते कुणाला, हे तिलाही ठाऊक नसावं.

वेळेच्या रकान्यात तिने लिहिलं सहा वाजून पाच.
खोडलं.
लिहिलं, ओहोटी.

मंजुरी आलेली नाही. फाइल पर्वरीला आहे म्हणतात,
कधी म्हणतात तिथून निघाली.
मी विचारत नाही असं नाही, दर सोमवारी जातो,
आता शिपाई मला खुर्ची देतो.
दोन कुडव कोरगुट कायतानच्या आढ्याला टांगलंय,
उंदरांपासून लांब.
काल त्याने पिशवी काढून मला दाखवली,
मूठभर दाणे हुंगले, परत बांधली.